छाणीत सगळ्यांना गॅसच होतो

छाणीत कुणाला हार्ट अटॅक येत नाही. छाणीत गॅस होतो. सेव उसळीनं होतो, लग्नातल्या बासुंदीनं होतो, सुनेनं भाजीत तेल जास्त घातलं म्हणून होतो, आणि काही माणसं त्या गॅसनं पहाटे मरतात. मग बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, पांढरे कपडे घालून ओळीनं बसलेले लोक एकमेकांना सांगतात, "कंई नहोतुं, राते जरा गॅस थयो'तो." घर मराठी असेल तर तेच मराठीत ऐकू येतं: "काही नव्हतं हो, जेवले, टीव्ही बघितला, जरा गॅस झालाय म्हणाले नि आडवे झाले." काही नव्हतं! घाम होता, जबडा धरला होता, दोनदा उलटी झाली होती. बाकी काही नव्हतं.

बडोद्यातल्या छाणी जकातनाक्याकडून गावाकडे येताना माझं औषधांचं दुकान लागतं. फार्मसीचं सर्टिफिकेट गल्ल्याच्या वर टांगलंय. ते वाचायची तसदी आजवर फक्त ड्रग इन्स्पेक्टरनं घेतली. गुजराती गिऱ्हाइकं मला बेन म्हणतात, फर्टिलायझरनगरातून नि टीपी तेरामधून येणारी मराठी मंडळी काकू म्हणतात, आणि रात्री दहानंतर दोघंही एकच वस्तू मागतात. ईनो.

माणूस काउंटरशी उभा असतो. उजवा पंजा छातीवर, कपाळावर घाम, आणि बाहेर जानेवारीतली थंडी, म्हणजे बडोद्यात जी काही पडते ती. मुलगा मागे ॲक्टिव्हावर, इंजिन चालू. गाडी बंद करण्याइतकंही हे प्रकरण त्याला मोठं वाटत नाही. मी विचारते, "काका, कधीपासून?" "जेवल्यापासून." "जेवलात कधी?" "आठला." आता साडेदहा. "हात दुखतोय का?" "हात होय? तो सकाळी बाटला उचलला ना, म्हणून." म्हणजे छाती पोटातल्या गॅसनं आणि हात स्वयंपाकघरातल्या गॅसच्या बाटल्यानं. एकूण तक्रार घेऊन जायची ती गॅस एजन्सीकडे!

अशा माणसाला मी ईनो देत नाही. ॲम्ब्युलन्सच्या 108 ला फोन लावते. यावरून माझ्याशी भांडणं होतात. "बेन, तमे दुकान चलावो, डॉक्टर ना बनो." मी डॉक्टर बनत नाहीच. डॉक्टर ते स्वतः झालेले असतात. रोगाचं निदान त्यांनी घरून करून आणलंय, औषध ठरवलंय, डोस ठरवलाय, पथ्यही ठरवलंय की उद्या फक्त खिचडी. माझ्याकडून त्यांना पाकीट हवंय, तेही सुटे पैसे घेऊन.

माझं म्हणणं फार साधं आहे, आणि ते सौम्यपणे सांगायचे दिवस गेले. छातीत दुखतंय ते गॅसनं की हृदयानं, हे घरी बसून कुणालाही कळत नाही. तुम्हाला नाही, मला नाही, तुमच्या सिव्हिलमध्ये ओळखी असलेल्या साडूंना नाही. हृदयरोगतज्ज्ञालाही नुसतं तोंडाकडे बघून कळत नाही, म्हणून तो ईसीजी काढतो. ते यंत्र बनवलं म्हणून विलेम आइन्थोव्हेन या डच माणसाला 1924 साली नोबेल मिळालं. त्याला शंभर वर्षं उलटून गेली, पण आमच्या सोसायटीतल्या थोरल्या भाऊंना त्या यंत्राची गरज पडत नाही. ते पाठीवरून हात फिरवतात आणि सांगतात, "ढेकर आला ना? मग गॅसच."

ढेकर हार्ट अटॅकमध्येही येतो. मळमळही होते, उलटीही होते, पोटाच्या वरच्या भागात जळजळही होते. हृदयाचा खालचा भाग छाती नि पोटामधल्या पडद्याला टेकलेला असतो. त्या भागाचा रक्तपुरवठा तुंबला की दुखणं थेट पोटाचं सोंग घेऊन येतं. हृदयाच्या नि अन्ननलिकेच्या नसा मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे कळ नक्की कुठून निघाली हे मेंदूलाही नीट सांगता येत नाही. जिथे मेंदूची ही गत, तिथे थोरल्या भाऊंची काय कथा! आणि पांढरं औषध पिऊन दहा मिनिटं बरं वाटलं, म्हणून ते पोटाचं, हा हिशेबही खोटा आहे. हृदयाची कळसुद्धा अधूनमधून ओसरते. ती ओसरायला आणि तुमचं ईनो फसफसायला एकच गाठ पडली, तर श्रेय ईनोला मिळतं.

"जेवल्यावर दुखलं म्हणजे गॅस" हे आमचं सगळ्यात लाडकं शास्त्र. 1768 साली लंडनमध्ये विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरनं छातीच्या या दुखण्यावर एक निबंध वाचला. हृदयविकाराच्या कळेचं इतकं नेमकं वर्णन त्याआधी कुणी केलं नव्हतं. त्यात त्यानं स्वच्छ सांगितलंय की ही कळ चालताना येते, चढावर येते आणि विशेष करून जेवणानंतर लगेच चाललं तर येते. उभं राहिलं की थांबते. अडीचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा शतपावलीला निघालात, चार पावलांत छाती भरून आली, कट्ट्यावर टेकल्यावर बरं वाटलं आणि असं आठवडाभर रोज होतंय, तर तुम्ही हेबर्डनच्या निबंधातले रोगी आहात. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि ती कळ बसल्यावरही थांबेना, किंवा झोपेतून उठवायला लागली, तर डॉक्टरच्या वेळेचीही वाट बघायची नाही.

अभिनेता श्रेयस तळपदेचं उदाहरण मी काउंटरवर इतक्यांदा दिलंय की काही लोकांना वाटतं तो माझा भाचा आहे. 14 डिसेंबर 2023. 'वेलकम टू द जंगल'चं मुंबईत शूटिंग. वय 47. शेवटचा शॉट झाला, धाप लागली, डावा हात दुखायला लागला. त्यानंच नंतर मुलाखतींत सांगितलंय की त्याला वाटलं, मारामारीचे सीन केलेत, स्नायू आखडला असेल. कसाबसा व्हॅनपर्यंत गेला, कपडे बदलले, गाडीत बसला. सरळ हॉस्पिटलात जावं असं मनात आलं, पण आधी घरी जाऊ म्हणाला. घरी बायकोनं, दीप्तीनं, त्याचा चेहरा बघितला आणि दहा मिनिटांत त्याला घेऊन ती निघाली. हॉस्पिटलचं गेट दिसत होतं, पण तिथून आत जायला अडथळे लावलेले; यू-टर्न घ्यायचा होता. तिथेच तो बेशुद्ध पडला. ट्रॅफिकमुळे तिच्या बाजूचं दार उघडेना, तर ती त्याच्या अंगावरून पलीकडे गेली, उतरली, ओरडून लोक जमवले. डॉक्टरांनी छाती दाबून, शॉक देऊन हृदय परत चालू केलं, मग अँजिओप्लास्टी. माणूस वाचला.

ही गोष्ट सांगितली की लोकांना त्यातलं एकच ऐकू येतं: "बघा, वाचला ना!" अहो, तो मुंबईत होता, हॉस्पिटलच्या गेटाशी होता, आणि बायको अशी की तिनं 'बघू सकाळी' म्हटलं नाही. मला या गोष्टीत दिसतं ते निराळंच. सरळ हॉस्पिटलात जावं हा विचार त्याच्या मनात आला होता. ज्ञान कमी पडलं नव्हतं. 'आधी घरी जाऊ' एवढंच आडवं आलं. आमच्या छाणीतही ज्ञान कमी पडत नाही. मोबाइलवर सगळे वाचतात. डावा हात, जबडा, घाम, पाठ. पण दुसऱ्याच्या बाबतीत. स्वतःवर आलं की हात बाटल्यानं दुखतो.

2008 साली 'लॅन्सेट'मध्ये भारतातल्या हृदयरोग्यांचा एक मोठा अभ्यास छापून आला. 50 शहरं, 89 हॉस्पिटलं, जवळजवळ 21 हजार रोगी. त्यात निघालं की निम्मे रोगी दुखायला लागल्यापासून सहा तास उलटून गेल्यावर हॉस्पिटलच्या दारात पोचले होते. आणि दारातून आत आल्यावर रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन मिळेपर्यंतचा वेळ? साधारण 50 मिनिटं. सहा तास आपले, 50 मिनिटं त्यांची. पण शिव्या कुणाला बसतात? "हॉस्पिटलवाल्यांनी टाइम लावला." हृदयाचा स्नायू रक्त बंद झाल्यावर वीस-तीस मिनिटांत मरायला लागतो, आणि सहा तासांत वाचवण्यासारखं फार थोडं उरतं. म्हणजे आमची माणसं नेमकी सगळं उरकल्यावर पोचतात.

या सहा तासांत काय चालतं ते मला पाठ आहे. आधी हिंगाचं पाणी. मग ओवा. मग हवाबाण हरडे. मग छातीला बाम. मग आणंदच्या भावाला फोन, तो म्हणतो मला पण परवा असंच झालं होतं. मग कुणीतरी व्हॉट्सॲपवरचा तो मेसेज वाचून दाखवतं की अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा. खोकून अटॅक थांबत नाही हो! घसा तेवढा बसतो. मग माझं दुकान. मग पहाटे, जेव्हा घरातल्या एखाद्या शहाण्या मुलीला रडू फुटतं, तेव्हा दोन मुलं बापाला ॲक्टिव्हावर मध्ये बसवतात, एक चालवतो, एक मागून धरतो, आणि छाणी रोडवरच्या गतिरोधकांवरून आपटत सात-आठ किलोमीटर सयाजी हॉस्पिटलकडे नेतात. बाप वाटेत मान टाकतो. मागच्याला वाटतं, बाबांना डुलकी लागली.

108 का नाही बोलावली, असं विचारलं की जे उत्तर येतं ते ऐकून मला त्या माणसाचंच बीपी मोजावंसं वाटतं. "सायरन वाजतो ना. अख्खी सोसायटी गॅलरीत येते." गुजरातमध्ये 108 ऑगस्ट 2007 पासून धावतेय. फुकट. आत ऑक्सिजन, आत प्रशिक्षित माणूस, आणि वाटेत हृदय थांबलंच तर काय करायचं हे त्याला शिकवलेलं. ती नको, कारण समोरच्या पटेलकाकी काय म्हणतील! मुलाच्या लग्नात फटाके लावून रस्ता अडवताना गॅलरीतली माणसं चालतात. बापाच्या छातीत दुखतंय तेव्हा मात्र आमचा संकोच जागा होतो. आणि वर भीती ही की तिथे जाऊन नुसता गॅसच निघाला तर? हसं होईल. होऊ दे की! जिवंत माणसाचं हसं होतं, हीच त्यातली सोय आहे.

या गावानं जैन संघाला इतके साधू-साध्वी दिलेत की छाणीचं नाव दीक्षेशी जोडलं गेलंय. संसार सोडायची इथे परंपरा आहे, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ती माणसं विचार करून, घरच्यांची परवानगी घेऊन, मुहूर्त काढून, वाजतगाजत संसार सोडतात. आमची मंडळी लेंगा-बनियनवर, ईनोचा रिकामा ग्लास उशाशी ठेवून सोडतात.

आता सरकारकडे येते, कारण त्यांचाही वाटा ठेवला पाहिजे. 2023 च्या नवरात्रात गरबा खेळताना माणसं कोसळली, त्यात कोवळी मुलंही होती. कपडवंजचा सतरा वर्षांचा मुलगा गेला तेव्हा आमच्या गल्लीतही गरब्याचा आवाज दोन दिवस जरा खाली आला होता. मग डिसेंबरच्या तोंडावर तेव्हाचे शिक्षणमंत्री कुबेर डिंडोर यांनी सांगितलं की सहा महिन्यांत राज्यात 1052 लोक हार्ट अटॅकनं गेले आणि त्यातले 80 टक्के 11 ते 25 वयाचे होते. शिक्षक-प्राध्यापकांना सीपीआर शिकवायची मोहीम निघाली, जवळजवळ दोन लाखांना. शिकवा, जरूर शिकवा. हृदय थांबलेल्या माणसाची छाती कुणी दाबली नाही तर दर मिनिटाला त्याची वाचायची आशा सात ते दहा टक्क्यांनी घटते. पण तो 80 टक्क्यांचा आकडा मला काही केल्या गिळवत नाही. माझ्या काउंटरवर छाती धरून अकरा वर्षांचं पोर कधी आलेलं नाही. येतात ते पन्नाशीतले. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर, म्हणजे साधारण 53 च्या वयात येतो, असं 'इंटरहार्ट' नावाच्या बावन्न देशांतल्या अभ्यासातून निघालंय. 53, पंचवीस नव्हे!

त्या आकड्यानं झालं काय, ते सांगते. पंचावन्न वर्षांच्या, साखर असलेल्या, मावा खाणाऱ्या काकांनी पेपर वाचला आणि ठरवलं की हे आता पोरांचं दुखणं आहे, गरब्याचं आहे, करोनाच्या लशीचं आहे, आपलं नाही. लशीचं तर इतकं पक्कं बसलंय की विचारू नका. आयसीएमआरनं 47 हॉस्पिटलांतून 18 ते 45 वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तो 2023 च्या नोव्हेंबरात आला. लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. वाढलेला दिसला तो करोनानं हॉस्पिटलात राहून आलेल्यांत, घरात कुणी असं अचानक गेलेल्यांत, आणि आधीच्या दोन दिवसांत भरपूर दारू प्यायलेल्यांत किंवा अंगमेहनतीचा अतिरेक केलेल्यांत. हे काकांना सांगितलं तर काका म्हणतात, "ते सगळं मॅनेज असतं." आणि ईनो घेऊन जातात, कारण ईनोवाले तेवढे हरिश्चंद्राचे वंशज!

पण एका गोष्टीत काकांशी भांडताना माझा आवाज खाली येतो. "हॉस्पिटलात गेलं की स्टेंट टाकतात, लुटतात." नोव्हेंबर 2024 मध्ये अहमदाबादच्या ख्याती हॉस्पिटलनं कडी तालुक्यातल्या बोरीसणा गावात मोफत कॅम्प लावला, तिथून 19 माणसांना बसमध्ये घालून आणलं, अँजिओग्राफी केल्या, सात जणांना स्टेंट टाकले. दोघं गेले. सरकारी योजनेतून पैसे उकळायला गरज नसताना केलं, म्हणून गुन्हे दाखल झाले, डॉक्टर नि संचालक अटकेत गेले. ज्या राज्यात हे घडलं त्या राज्यात लोकांनी पांढऱ्या कोटावर आंधळा विश्वास ठेवावा, असं म्हणायचं तोंड माझ्याकडे नाही. त्या हरामखोरीनं जे दोन जीव गेले ते कागदावर आहेत. त्या बातमीनंतर भीतीपोटी घरी बसून जे गेले, ते कुठेच नाहीत.

तरीही बोरीसणाच्या त्या माणसांच्या छातीत रात्री दोन वाजता कळ आली नव्हती. ती कॅम्पला गेली होती. लुटीपासून सावध राहायचं ते तिथे: काही दुखत-खुपत नसताना कुणी बसमधून न्यायला आलं, दोन तासांत सही करा म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरला कागद दाखवा, भांडा, उठून या. घामानं भिजलेल्या माणसाच्या बाबतीत हा बाणा दाखवून काय उपयोग? इथे वेळ मागायचा नसतो. खर्चाचं म्हणाल तर फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्रानं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट, जो लाख-सव्वा लाखाला जायचा, तो तेव्हा तीस हजारांच्या आत आला. गुजरातेत आयुष्मान कार्डाची मर्यादा 2023 मध्ये दहा लाख झाली. ते कार्ड काढलेलं असतं हो घराघरांत, देव्हाऱ्याच्या खणात, प्लास्टिकमध्ये. रात्री ते कुठे ठेवलंय हे फक्त आजीला माहीत असतं, आणि दुखत असतं ते आजीलाच.

आजीवरून आठवलं. बायकांना छाणीत गॅससुद्धा होत नाही. बायकांना टेन्शन होतं. पुरुष निदान दुकानापर्यंत येतो. बाईच्या वतीनं नवरा येतो, "एक झोपेची गोळी द्या, उगीच घाबरीघुबरी होतेय" म्हणत. बायकांत, मधुमेह असलेल्यांत आणि म्हाताऱ्या माणसांत अटॅक बरेचदा सिनेमातल्यासारखा छाती धरून येत नाही. नुसती धाप लागते. गळून गेल्यासारखं होतं. मान, जबडा, पाठीचा वरचा भाग दुखतो, मळमळतं, अंगाला थंड घाम सुटतो. जिना चढताना रोज न थांबणारी बाई दोनदा थांबते आणि वर पोचल्यावर आधी कुकर लावते. तिला कुणी विचारत नाही, आणि तीही सांगत नाही, कारण सांगितलं तर उत्तर तयार आहे: फोन कमी बघ. माझ्याकडे झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही. त्यावरून जो नवरा माझ्याशी हुज्जत घालतो, त्याला मी एकच विचारते, "त्यांना बरोबर का नाही आणलंत?" "स्वयंपाक चाललाय."

मग करायचं काय, ते एकदा लिहूनच टाकते. छातीत दाब, जडपणा, आवळल्यासारखं, जळजळ, काहीही. ते पाच-दहा मिनिटं बसून राहिल्यावरही थांबलं नाही, किंवा थांबून परत आलं, किंवा हात, खांदा, जबडा, पाठ यांच्याकडे सरकलं, किंवा त्याच्याबरोबर घाम, धाप, उलटी, भोवळ यांतलं काही आलं, तर 108. पाठीकडे फाडत गेल्यासारखी एकदम सणसणीत कळ आली तरी 108. तो महाधमनीचाही घोळ असू शकतो. सुईसारखं टोचतंय, बोटानं दाबलं की दुखतं, श्वास घेताना दुखतं, तर हृदयाची शक्यता कमी. कमी, शून्य नाही. आणि फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली तरी श्वास घेताना दुखतं, तेव्हा धाप असेल तर इथेही बसून राहायचं नाही. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. जिना चालत उतरायचा हट्ट करायचा नाही. दार आतून कडी न लावता ठेवायचं, बसून राहायचं. ॲस्पिरिनची 300 किंवा 325 ची गोळी घरात असेल तर ती गिळायची नाही, चावायची. पण अंगावर तिची रिॲक्शन येत असेल, पोटात रक्तस्राव झालेला असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा ती पाठ फाडणारी कळ असेल तर नाही. 108 वाल्याला फोनवरच विचारायचं. गोळी घेतली म्हणून हॉस्पिटल रद्द होत नाही. ती वाटेतली शिदोरी आहे.

आणि जिभेखालची सॉर्बिट्रेट. ती हल्ली लोक पाकिटात घेऊन फिरतात, शेजाऱ्यालाही वाटतात. बीपी आधीच खाली गेलेलं असेल तर तिनं माणूस आणखी खाली जातो. शिवाय माझ्या दुकानात संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर काही सद्गृहस्थ येतात, आवाज खाली आणून निळी गोळी मागतात आणि घरी कुणाला सांगत नाहीत. त्याच रात्री छातीत दुखलं आणि बायकोनं मायेनं सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली, तर दोन्ही गोळ्या मिळून बीपी असं आपटवतात की पुढचं मला लिहायला लावू नका. डॉक्टरनं विचारलं तर तेवढं तरी लाज सोडून सांगत जा.

एक शेवटचं भांडण डॉक्टरांशीही आहे. पहिला ईसीजी स्वच्छ आला म्हणून पित्ताची पॅन-डी लिहून रोग्याला घरी पाठवणारे मी पाहिलेत; त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याच दुकानात येतात. पहिला ईसीजी साफ असू शकतो. ट्रोपोनिन नावाची रक्ताची तपासणीही पहिल्या तासा-दोन तासांत साफ येऊ शकते, कारण मेलेल्या स्नायूतून ते रक्तात यायला वेळ लागतो. म्हणून दुखणं चालू असेल तर ईसीजी परत काढतात, ट्रोपोनिन काही तासांनी परत करतात. रोग्यानं विचारायला काही हरकत नाही: परत कधी काढणार? विचारणाऱ्या रोग्याचा डॉक्टरला राग येतो. येऊ दे. मलाही गिऱ्हाइकाचा राग येतो, तरी मी औषध देतेच.

गेल्या हिवाळ्यात एकाला असंच हाकललं. काउंटरवर घाम पुसत उभे, हात छातीवर, बायको रिक्षात. ईनो दिलं नाही, 108 बोलावली, रिक्षावाल्याचं भाडं मीच दिलं. रात्रभर हॉस्पिटलात. तीन ईसीजी, दोनदा ट्रोपोनिन, सगळं साफ. पित्त निघालं! तिसऱ्या दिवशी बिल घेऊन दुकानात आले आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "तुमच्यामुळे साडेसात हजार गेले, काकू." मी म्हटलं, बिल दाखवा. त्यात बीपी लिहिलं होतं, 170 वर 104. हे त्यांना कुणी आजवर सांगितलंच नव्हतं, कारण कुणी मोजलंच नव्हतं. मी ते बोटानं दाखवलं तर म्हणाले, "ते हॉस्पिटलात सगळ्यांचंच वाढतं." हल्ली ते समोरच्या दुकानातून औषध घेतात. समोरचा माझ्याच वर्गातला, अधूनमधून चहाला येतो. तो सांगतो, बीपीची गोळी एक दिवसाआड नेतात, आणि ईनोचा मात्र अख्खा बॉक्स.